‘हो’ जरा लवकरच म्हणालो

सोमवार, रात्री पावणेबारा

मनूचा फोन साडेनऊला आला. मी फोन खांद्यात धरून कुकर लावत होतो. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, “दादा, एक विचारू? पण खरं सांगायचं. तुझं कर्ज वसूल झालं का रे?”

मला वाटलं, किती हप्ते राहिलेत ते विचारतेय. तर म्हणाली, “तसं नाही. घेतलंस ते बरं झालं, असं वाटतं का?”

“हो, म्हणजे काय!”

पुढे तिने काही विचारलंच नाही. भात झाला, जेवण झालं, भांडी घासून झाली, आणि तो ‘हो’ अजून घशात अडकलाय. इतक्या पटकन आला कुठून? पगार किती असं कुणी विचारलं तरी मी याहून जास्त वेळ घेतो.

उद्या पाच तारीख. साठावा हप्ता. 2015 साली पुण्यात इंजिनीअरिंग करायला घेतले 7 लाख 40 हजार. साडेसातच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे घर, म्हणून आतच थांबलो. शिकायची चार वर्षं आणि वर एक, अशी पाच वर्षं हप्ता नाही, हे ऐकून मी तेव्हा केवढा खूश झालो होतो. व्याजाला सुट्टी नसते हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ब्रोशर बघत असेन. हप्ते सुरू व्हायच्या वेळी आकडा दहा लाखांना टेकला होता. महिना 13,200. पहिल्या हप्त्यातले आठ हजारांच्या वर तर नुसते व्याजात गेले. उद्याचा धरून 7 लाख 92 हजार भरून होतील आणि बाकी राहतील 6 लाख 21 हजार. म्हणजे घेतले त्याहून जास्त फेडले, आणि दहातले सहा अजून डोक्यावर. या व्याजावर आयकरात सूट असते. मी नवी करप्रणाली घेऊन बसलो, तिथे ती नाही. ही अक्कल कुठल्या सेमिस्टरला होती कोण जाणे.

तरी ‘हो’.

तो बँकेतला दिवस आज सारखा डोळ्यांपुढे येतोय. सहकर्जदार म्हणून पप्पांची सही हवी होती आणि ती जुळेना. खातं त्यांच्या लग्नाच्याही आधीचं. साहेबांनी नमुन्याची सही दाखवली, तर तिच्यात ‘र’ची शेपटी अशी झोकात खाली ओढलेली, की हे आपले पप्पा असं वाटेचना. ते काउंटरवरच्या पैसे भरायच्या स्लिपा घेऊन बाकावर बसले आणि पाठकोऱ्या बाजूला स्वतःची सही गिरवायला लागले. एक, दोन, पाच. शेपटी प्रत्येक वेळी मध्येच थरथरायची. जामीन राहायला आलेला मामा म्हणाला, “दाजी, अंगठाच लावून टाका.” पप्पा हसले. आठव्या स्लिपवर जमली. मी तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत टेबल असतं का, याचा विचार करत होतो.

मामा आता नाही. तो गेल्यावर जामीनदाराबद्दल बँकेचं एक पत्र आलं होतं. असो.

कराडचं सरकारी लागत होतं मला, सिव्हिल. फी पुण्याच्या मानाने काहीच नाही. “तिथलं वातावरण मला सूट होणार नाही,” असं मी घरात तोंड वर करून सांगितलं होतं. वातावरण बघायला मी कराडात उतरलोसुद्धा नव्हतो. दर शनिवारी एसटीने घरी यावं लागेल, एवढीच काय ती अडचण.

आणि पुण्यात मला काय सूट झालं? मेकॅनिकल तर नाहीच. आठवतं ते पुरुषोत्तम, कॉलेजांची ती एकांकिका स्पर्धा. ऑगस्ट महिना, कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये रात्री दोनपर्यंत तालमी, आणि भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा मी डिमरवर, म्हणजे दिवे कमीजास्त करायच्या पटावर, बसलो ती संध्याकाळ. काळोखात त्याची सरकती कळ अगदी मुंगीच्या चालीने वर घ्यायची होती. आधी नाक उजळलं, मग गाल, मग डोळे, आणि प्रेक्षकांत कुणीतरी खोकायचं थांबलं. ते माझ्या बोटामुळे थांबलं होतं. दोन वर्षं लाइट्स केले, दोन्ही वेळा अंतिम फेरी हुकली. आता दिवसभर एक्सेलमध्ये स्पेअर पार्टचे कोड जुळवतो.

म्हणजे दोन एकांकिकांच्या प्रकाशयोजनेचे महिना 13,200, दहा वर्षं. बाल्कनीचं तिकीटसुद्धा इतकं महाग नसतं. आणि नाटकं काय, कराडलाही होतात.

हे मनूला सांगायला हवं होतं. पण तिचं गणित वेगळंय. तिला सांगलीतच वालचंदला इलेक्ट्रिकल लागतंय, घरून सायकलवर. मुलींना शिक्षण शुल्क माफ करणारा 2024चा शासन निर्णय तिथे चालतो, आपण आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत बसतो, थोडीफार किरकोळ फी तेवढी भरायची. तिला हवंय ते पुण्याच्या खासगी विद्यापीठातलं डिझाइन, त्याला तो लागू नाही. तिथे चार वर्षांचे 16 लाख, राहणं-खाणं वेगळं. माझ्याच हिशोबाने करून बघितलं तर हप्ता 28,500 च्या आसपास. आणि या वेळी घर तारणात. पप्पा 2027 ला रिटायर होतात, म्हणजे सहकर्जदार कोण ते विचारायला नको.

मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टसाठी वेगळी सीईटी असते. तिच्या फॉर्मची तारीख तिला मी सांगायची होती. सांगितली नाही.

एकीकडे वाटतं, घाल गं गुमान इलेक्ट्रिकलमध्ये डोकं. आणि मग ती कुकरची दांडी आठवते. आईची बोटं संधिवाताने नीट मिटत नाहीत, म्हणून मनूने दांडीवर एम-सील थापलं आणि ओलं असतानाच आईला म्हणाली, “धर की घट्ट.” आईच्या चार बोटांचे खड्डे तसेच वाळले. दिसायला भयंकर आहे ती दांडी. मी धरली तर माझ्या हाताला बसत नाही. आई मात्र आता दुसऱ्या कुकरला हात लावत नाही. असं काही करावं हे मला सात जन्मांत सुचलं नसतं, आणि मी म्हणे इंजिनीअर.

मग ‘हो’ कुणासाठी म्हणालो? ‘नाही’ म्हटलं तर पप्पांच्या त्या आठ स्लिपा वाया जातात, म्हणून? की तिने जावं असं मला वाटतंय? की तिने ‘मग मी पण घेते’ म्हणावं आणि निर्णय माझ्या अंगावर येऊ नये, म्हणून? तिसरं खरं असेल तर मी भलताच हुशार आहे. मेकॅनिकलला ही हुशारी कधी दिसली नव्हती.

साडेअकराला न राहवून मेसेज केला: ‘मघाशी घाईत बोललो. शनिवारी येतो, नीट बोलू. तोवर काही ठरवू नकोस.’

लगेच उत्तर आलं. जागीच होती. ‘वालचंदची सीट घ्यायची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत आहे रे.’

‘मग ती घेऊन ठेव. घेतली म्हणजे गेलीसच असं नाही.’ सीट स्वीकारायचे हजार रुपये पाठवले. उद्याच्या हप्त्याला खात्यात पुरतील ना, ते आधी बघितलं. पुरतात.

पोचले का विचारलं. नुसता अंगठा आला.