दुपारी भरलेली हवा

मालवणात स्कूबाची बुडी मारून वर आलेल्या पाहुण्याचं डोकं दुखलं तर ती आमच्याकडे तक्रारही धरत नाहीत. मास्कचा पट्टा करकचून आवळलेला असतो. माणूस घाबरून श्वास अर्धवट सोडतो, त्यामुळे अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. सर्दी लपवून आलेला असतो, किंवा रात्रभर गाडी चालवून थेट किनाऱ्यावर. यातलं जुळेल ते कारण सांगायचं, पाणी पाजायचं, सावलीत बसवायचं. दहातले नऊ तासाभरात जेवायला जातात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या दुपारी इचलकरंजीच्या पाच जणांपैकी तिघांची डोकी ठणकत होती, आणि मी तिघांनाही हेच सांगितलं.

आमच्या कामाचा हिशेब आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडच्या खडकांवर पाच-सहा मीटर पाण्यात एका वेळी एक पाहुणा आणि त्याला धरलेला एक प्रशिक्षक, असे बारा ते पंधरा मिनिटं उतरतात. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, पोटात ११ लिटर जागा, त्यात २०० बार दाबाने भरलेली साधारण २२०० लिटर हवा. सहा मीटरवर दाब १.६ पट असतो, म्हणून हवाही तितकी जास्त लागते. घाबरलेला पाहुणा एका बुडीत ४०-५० बार संपवतो. ५० बार शिल्लक ठेवायचे, म्हणजे एका सिलिंडरात तीन पाहुणे होतात. प्रशिक्षक सावकाश श्वास घेतो, पण तो तिन्ही बुड्यांना खाली असतो. पाहुण्याची पंधरा मिनिटं होतात तेव्हा त्याची पंचेचाळीस झालेली असतात.

त्या दुपारी होडीवर आम्ही दोघं होतो. माझ्याकडे दोन पाहुणे, माझ्या जोडीदाराकडे तीन. सकाळच्या फेरीतला एक सिलिंडर ११० बारवर उरला होता. अर्धवट सिलिंडर पाहुण्याला दिला की तो दाबाच्या काट्याकडे बघून घाबरतो, म्हणून तो मी माझ्या पाठीला लावला. बाकीचे सगळे दुपारी ताजे भरलेले. यात माझी काही हुशारी नव्हती, काटकसर होती.

तिसरा पाहुणा वर आणून जोडीदार होडीत चढला आणि काठावर वाकून ओकला. पाहुण्यांना हसू आलं. कुणीतरी म्हणालं, "मास्तरांनाच बोट लागली की!" मीही हसलो. हसला नाही तो फक्त होडी चालवणारा आमचा तांडेल. "ह्येका होडी लागली? ह्यो होडयेतच जल्माक इलो," एवढं म्हणून त्याने इंजिन सुरू केलं.

जोडीदार रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचा मुलगा. पाऊस तोंडावर आलेला असतानाही होडीत बसून जेवणारा. तो सपाट पाण्यावर ओकतो, याचा अर्थ काय, हे मला त्याच क्षणी विचारायला हवं होतं. मी विचारलं किनाऱ्याला लागल्यावर, आणि तेही एका पाहुण्याने चिडून मास्कचा पट्टा दाखवला म्हणून. "दादा, पट्टा ढिलाच हुता. डोकं मागनं न्हाई, कपाळात ठणकतंय." त्याच्याकडे कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर होता. सगळ्यांच्या बोटांना लावून झाला. ९८, ९९, ९९. सगळं नॉर्मल, असं त्यानेच जाहीर केलं आणि इतरांना हायसं वाटलं.

ते यंत्र इथे खोटं बोलतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की इंजिनाच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, हा फरक बोटाच्या साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. त्याला दोन्ही लालच दिसतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे-अडीचशे पट घट्ट धरतो, आणि पडद्यावर ९९ दिसत राहतं.

सिलिंडरच्या हवेत हाच वायू असणार, हे मला यंत्रावरून सुचलं नाही, माणसं मोजताना सुचलं. होडीवर एकूण दहा जण. पाच पाहुणे, त्यांच्याबरोबर आलेल्या आणि पाण्यात न उतरलेल्या दोन बायका, तांडेल, जोडीदार आणि मी. इंजिनाचा धूर लागला असता तर मागे बसलेल्या त्या दोघींना आधी लागला असता. दोघी ठणठणीत. तांडेल ठणठणीत. त्रास होता तो फक्त पाण्यात उतरलेल्यांना. त्यांच्यातला मी ठणठणीत, आणि एकट्या माझ्या पाठीवर सकाळची हवा होती.

केंद्रात ऑक्सिजनचा एक बी टाइप सिलिंडर असतो, भरलेला असला तर १५०० लिटर. तो भरलेला होता, कारण महिन्यातून एकदा त्याचा काटा बघायचं काम माझ्याकडे आहे. पिशवीवाले दोन मास्क. मिनिटाला १५ लिटरप्रमाणे दोघांना ३०, म्हणजे ५० मिनिटं. जोडीदाराला एक लावला, मळमळणाऱ्या पाहुण्याला दुसरा, बाकीच्यांना मोकळ्या हवेत आडवं केलं आणि दोन गाड्या करून सगळ्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं. साधी हवा घेत बसलं तर रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. दाबकक्षात, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देतात त्या खोलीत, याहून खूप लवकर होतो, पण मला पक्का ठाऊक असलेला दाबकक्ष मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे, आणि तो रस्ता पाचशे किलोमीटरचा. त्याची गरज पडली नाही. रात्रभर ऑक्सिजन देऊन सकाळी सगळ्यांना सोडलं. जोडीदाराचं डोकं पुढे दोन दिवस जड होतं.

आता कॉम्प्रेसर. आमचा कॉम्प्रेसर लाईटीवरचा, तीन टप्प्यांचा, मिनिटाला १०० लिटरचा. पन्नासवर आलेला सिलिंडर दोनशेला न्यायला सतरा मिनिटं लागतात, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी साचलेलं पाणी सोडावं लागतं. कोकणातल्या हवेत ते पाणी बघून नवख्याला वाटतं, यंत्र फुटलं. दाबलेली हवा शेवटी फिल्टरच्या नळकांड्यातून जाते. त्यात बाष्प शोषणारे मॉलिक्युलर सीव्हचे दाणे असतात आणि तेलाची वाफ व वास धरणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन असतो. पेट्रोल इंजिनावरच्या कॉम्प्रेसरसाठी तिसरा थर असलेलं नळकांडं मिळतं, हॉपकलाइटचं. मँगनीज आणि तांब्याची ऑक्साइडं, जी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतात. दमट झालं की तेही निकामी होतं, म्हणून बाष्पाचे दाणे त्याच्या आधी लागतात. आमच्या नळकांड्यात हा थर नव्हता. लाईटीच्या मोटरीला धूर कुठला? मागवताना दुकानदाराने विचारलं होतं, इंजिन की मोटर. आम्ही मोटर सांगितलं, ते खरंच होतं.

फक्त त्या दिवशी बाराच्या सुमारास लाईट गेली.

एरवी आम्ही संध्याकाळी भरतो, फार तर पहाटे. गर्दीमुळे सोळातले पंधरा सिलिंडर दुपारपर्यंत रिकामे झाले होते आणि तीनची होडी उभी होती. भरणाऱ्या मुलाने ५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर ओढला आणि आठ सिलिंडर भरले. त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. जनरेटर पूर्वी शेडच्या मागे, जमिनीच्या अंगाला होता. तिकडे राहायच्या खोल्या आहेत. पाहुण्यांना दिवसा समुद्राखाली जायचं असतं आणि दुपारी शांत झोपायचं असतं, म्हणून नोव्हेंबरात तो समुद्राच्या अंगाला नेला. आवाजाची तक्रार मिटली. हवा ओढणाऱ्या पाइपाचं तोंड छपराच्या वर होतं, जनरेटरपासून जेमतेम चार-पाच मीटर, त्याच्या पूर्वेला. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, धूर समुद्रावर जातो. नोव्हेंबरपासून दोन-तीनदा पहाटे आम्ही जनरेटरवर भरलंय, ती हवा आम्हीच प्यायलोय, काही झालं नाही. दुपारी खारा वारा सुटला की धूर उलटा येतो, सरळ पाइपाच्या तोंडावर.

"वास इलो नाय तुका?" असं मालकांनी त्या मुलाला चारचौघांत दरडावून विचारलं. तो म्हणाला, "खोलून दोन वेळा हुंगलंय. माका कायच वास येवक नाय." तो खरं बोलत होता, आणि मला सगळ्यात जास्त छळते ती हीच गोष्ट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण धुराला असतो. धूर जसाच्या तसा सिलिंडरात गेला असता तर पहिल्या श्वासाला पाहुण्याने तोंडातला रेग्युलेटर थुंकला असता. आमच्या फिल्टरने, जो मी स्वतः तास मोजून वेळेवर बदलतो, धुराचा वास आणि चव चोख काढून टाकली आणि विष पुढे जाऊ दिलं. जुनं, मेलेलं नळकांडं असतं तर कदाचित कुणाचंच डोकं दुखलं नसतं. सिलिंडर द्यायच्या आधी दोन श्वास घेऊन हुंगायचं, ही आमची तपासणी. कोर्सात तेवढंच शिकवतात, आणि पुढे लिहिलेलं असतं की हवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. आम्हीच ते खात्रीचं ठिकाण.

भरण्याची वही मी हट्टाने ठेवतो. सिलिंडरचा क्रमांक, सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, वेळ. त्यावरून लोक मला हसतात. तिच्यात 'लाईट की जनरेटर' हा रकाना नव्हता, पण वेळा होत्या. दुसऱ्या दिवशी गोव्याहून एका ओळखीच्या डायव्हरने कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आणला. प्लास्टिकच्या पिशवीत मीटर ठेवायचा, सिलिंडरची हवा हळूच सोडायची, आकडा थांबेपर्यंत बघायचं. आठही सिलिंडर भरल्याच्या क्रमाने लावले. श्वासाच्या हवेला युरोपात ५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत पाच) मर्यादा आहे, अमेरिकेत १०. आमचा पहिला ८, दुसरा ४०, तिसरा १९०, मग ३४०, ३५५, ३६०, आणि शेवटचे दोन ४१०. साडेबाराच्या आसपास वारा कसा फिरला ते त्या ओळीत सिलिंडरांनी लिहून ठेवलं होतं. जोडीदाराच्या पाठीवर पाचवा होता. ३५५ ला १.६ ने गुणा, साडेपाचशेच्या वर, आणि तेही पाऊण तास. त्याला दुसऱ्या पाहुण्याच्या वेळीच कपाळात ठणका लागला होता. सकाळपासून दोन घावणे खाऊन होता, म्हणून भुकेने दुखत असेल असं त्याला वाटलं. सांगितलं का नाहीस विचारलं तर म्हणाला, सांगून तिसरा पाहुणा कोणी नेला असता?

सातवा आणि आठवा सिलिंडर कुणी उघडले नव्हते. त्यांच्या गळ्यात मी स्वतः पिवळ्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. ते दुसऱ्या सकाळच्या कोर्सवाल्या दोन विद्यार्थ्यांसाठी राखलेले होते, २२ मीटरच्या बुडीला. तिथे दाब ३.२ पट. ४१० चे तेराशे होतात. शिवाय खोलवर ऑक्सिजनचाही दाब वाढलेला असतो, तो रक्तरसात विरघळून माणसाला सावरून धरतो. त्रास वर येताना होतो, तो आधार सुटत जातो तेव्हा. म्हणजे तळाशी दोघांनी मला बोटांनी 'ठीक' अशी खूण केली असती. मी हे गणित कागदावर एकदाच केलं.

सिलिंडर उघड्यावर नेऊन रिकामे केले, नळकांडं बदललं (आता हॉपकलाइटवालं), कॉम्प्रेसर लाईटीवर अर्धा तास नुसता चालवून हवा सोडून दिली, पुन्हा मीटर लावला, शून्य. मीटर आता आमचाही आहे. त्याची किंमत तीन-चार पाहुण्यांच्या पैशांएवढी निघाली, हे मालकांना सांगितलं तेव्हा ते गप्प बसले.

जनरेटर परत मागे नेऊ या, असं ठरत होतं. मी जमिनीवर काडीने आकृती काढून दाखवली. मागे नेला तर पहाटेचा मतलई तोच धूर पाइपावर आणणार. शेडची जागा एवढीशी, दोन वारे रोज उलटसुलट. जनरेटर कुठेही ठेवा, दिवसातून एकदा पाइप त्याच्या वाऱ्याखाली येतोच. पाइप लांब आडवा टाकायचा तर कॉम्प्रेसरला हवा ओढायला जड जातं, जाडी वाढवावी लागते, आणि वाट शेजाऱ्याच्या माडातून जाते. ते बोलणं अजून चालू आहे. तोवर जनरेटरवर भरायचं नाही, असं मी भिंतीवर लिहिलंय.

परवा रविवारी अकरा वाजता पुन्हा लाईट गेली. नऊ सिलिंडर रिकामे, किनाऱ्यावर सांगलीची बस उभी. मालक दोनदा शेडमध्ये डोकावून गेले. भरणारा मुलगा माझ्याकडे बघत होता. जनरेटरची किल्ली माझ्या खिशात होती. अजून तिथेच आहे.