एक्क्यांची जोडी टाकावी का?

इंदूरच्या आमच्या गोतावळ्यात दिवाळीला पत्ते बसले की तीन पत्तीच. चिंचोक्यांवर खेळत असूनही माणसं खऱ्या पैशांसारखी चिडतात आणि चकलीच्या आधी लसणाची शेव संपते. हल्ली मात्र बंगळुरू-पुण्याहून सुट्टीला आलेली भाचरं पोकर मांडतात. दोन पत्ते हातात, पाच उघडे, सातांतून उत्तम पाच धरायचे.

भिकार पत्ते टाकून डाव सोडायला अक्कल लागत नाही. जीव अडकतो तो चांगल्या पत्त्यांत. तीन पत्तीत २२,१०० प्रकारे हात येऊ शकतो, त्यात सगळ्यांत मोठा हात ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, फक्त ५२. म्हणून सिक्वेन्स, म्हणजे ओळीने तीन पत्ते, लागलेला माणूस बिनधास्त चाल करत राहतो आणि बहुधा निभावतंही. पोकरमध्ये हातातले दोन पत्ते तेच राहतात, पण खाली एकेक उघडत जातो तसा त्यांचा भाव बदलतो. आपण मात्र पहिल्याच भावाला चिकटून बसतो.

यंदा माझ्याकडे इस्पिक आणि चौकट एक्का. सुरुवातीला याहून मोठा हात नाही. खाली आली बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर दुर्री. मग चौकट पंजी. शेवटी बदाम राणी. तोवर गुपचूप चिंचोके भरत आलेल्या मावशींनी ६०च्या ढिगावर एकदम ६० सरकवले.

हिशोब सोपा होता. ६० भरून १२० मिळणार, म्हणजे तीनांत एकदा जिंकलो तरी बरोबरी. पण मावशी तीनांत एकदा थाप मारतील? फोनवर ‘घरी नाहीये’ म्हणायलाही ज्यांना जमत नाही, त्या? माझा हात किती मोठा हे घोकत बसण्यात अर्थ नव्हता. माझ्याहून लहान कुठल्या हातावर त्या एवढे लावतील, हे बघायचं. राण्यांच्या जोडीवर त्या हात आखडताच घेतात. मग उरतात एक्क्यांच्या जोडीला हरवणारेच हात: पाचही पत्ते बदाम, नाहीतर दोन जोड्या, नाहीतर माझ्यासाठी त्याहून वाईट काही. बदाम एक्का माझ्याकडे असता तर निदान त्यांच्या पाच बदामांची शंका थोडी कमी झाली असती.

हेच ६० भाच्याने लावले असते तर मी पापणी न लवता भरले असते. तो काही नसतानाही राजासारखा बसतो. आणि दर वेळी असं टाकत गेलो तर उद्या मावशीसुद्धा थापा मारायला शिकतील, तेही आहेच.

टाकले.

“मामा, एक्के टाकले?” भाचा ओरडला.

मावशींनी आपले पत्ते पालथेच गड्डीत सरकवले.

“मावशी, दाखवा ना.”

“बघायचे होते तर साठ भरायचे होतेस,” म्हणत त्यांनी पिसायला घेतलं.