रिपोर्ट चांगले आलेत, पण दिवस कसा जातो?

आज डायलिसिसचा फॉलोअप होता. रिपोर्ट ठीक आलेत, पोटॅशियम जागेवर, हिमोग्लोबिन थोडं वर सरकलंय, फॉस्फरस मात्र अजून खाली यायचं नाव घेत नाहीये. डॉक्टरांचं बोलून झाल्यावर पीडीच्या, म्हणजे पोटातून करायच्या डायलिसिसच्या, सिस्टरांनी एक फॉर्म भरायला दिला, केडीक्यूओएल-३६ नावाचा, किडनीच्या पेशंटचं रोजचं जगणं कसं चाललंय ते बघणारा. छत्तीस प्रश्न. जिना चढता येतो का, अंगात ताकद वाटते का, पाणी मोजून पिण्याचा किती त्रास होतो वगैरे. भराभर खुणा करत गेले आणि एका प्रश्नाशी अडले, आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं का. नवरा शेजारीच बसला होता, त्यामुळे पटकन मधल्या 'माहीत नाही'वर खूण करून पुढे गेले, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. म्हणून आज लिहायला बसलेय.

मी आधी डायलिसिससाठी सेंटरवर जायचे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. हिशेब केला तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तास गेले, बाकीचे सगळे आपलेच, असं लोकांना वाटतं. पण त्यात जायचा-यायचा वेळ नाही धरलेला, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत हात दाबून बसणं नाही, आणि मुख्य म्हणजे नंतरचं ते गळून जाणं नाही. किडनी जे काम रात्रंदिवस थोडं थोडं करत असते ते मशीन चार तासांत उरकतं, दोन दिवसांचं साठलेलं पाणी एका बैठकीत ओढून काढलं जातं, मग बीपी पडतं, पायात गोळे येतात, डोकं जड होतं. घरी आले की सरळ आडवी. मुलगी शाळेतून येऊन काहीतरी रंगवून सांगत असायची आणि मला तिचे ओठ हलताना दिसायचे पण काय म्हणतेय ते आत शिरायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठे जरा माणसात यायचे की परत पुढची बैठक डोक्यावर. आणि शनिवार-रविवारचा तो मोठा गॅप, त्यात पाय सुजायचे, धाप लागायची. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पेशंटांचा मोठा अभ्यास झाला होता त्यातही दिसलंय की दोन दिवसांच्या गॅपनंतरचा दिवसच हृदयाला आणि जिवाला सगळ्यात जास्त धोक्याचा असतो.

रिपोर्ट तेव्हाही चांगलेच यायचे बरं का. केटी बाय व्ही म्हणजे युरिया किती साफ झाला त्याचा आकडा, तो उत्तम. फक्त आकडा उत्तम असलेली बाई सोफ्यावर पडून असायची. हे मी एकटीच म्हणतेय असं नाही. साँग नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात पेशंट, घरचे, डॉक्टर, नर्स अशा सगळ्यांना विचारून हिमोडायलिसिसमध्ये, म्हणजे मशीनने रक्त साफ करायच्या डायलिसिसमध्ये, कशाला महत्त्व द्यायचं ते ठरवलं, तेव्हा मृत्यू आणि हृदयविकार यांच्या बरोबरीने थकवा त्या यादीत आला. मला ते वाचून खूप बरं वाटलं होतं. कोणीतरी आपला थकवा आजाराचा भाग म्हणून मोजायला घेतला, नाहीतर आपण नुसतं "होतं असं" ऐकून घेत राहतो.

मग पीडी घेतलं. पेरिटोनियल डायलिसिस, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यालाच गाळणी म्हणून वापरायचं. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवतात, त्यातून दोन लिटर पाणी पोटात सोडायचं, त्यात ग्लुकोज असतं जे शरीरातलं जादा पाणी ओढून घेतं, चार-सहा तास ठेवायचं आणि काढून टाकायचं. बस. ही पोटात पाणी तासन्‌तास ठेवायची युक्ती १९७६ मध्ये पोपोविच नावाच्या इंजिनियरने आणि डॉक्टर मॉन्क्रिफ यांनी मांडली, आधी गणित करून मग प्रत्यक्ष, ही गोष्ट मला फार आवडते.

बॅग बदलताना माझं काय चालतं ते लिहून ठेवते कारण नवीन कोणी विचारलं की हेच सांगावं लागतं. खिडकी बंद, पंखा बंद, दार लावलेलं. टेबल पुसायचं. मास्क, मलाही आणि खोलीत असेल त्यालाही. हात साबणाने बोटांच्या मधून, नखांखालून, मनगटापर्यंत, मग स्वच्छ पुसून पूर्ण कोरडे. बॅगेवरची तारीख आणि पाणी किती टक्क्यांचं आहे ते वाचायचं, दाबून बघायचं कुठून गळत नाही ना. मग जोडायचं, आणि जोडताना बोट टोकाला लागलं तर ते टोक वापरायचं नाही, तिथे तडजोड नाही म्हणजे नाही. आधी जुनं पाणी खाली उतरतं, मग नवीन आत. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. शेवटी उतरलेल्या बॅगखाली छापील कागद ठेवायचा आणि अक्षरं वाचता येतात का बघायचं. वाचता आली तर सगळं ठीक. गढूळ असेल तर पोटात इन्फेक्शन, पेरिटोनायटिस, मग पोट दुखो न दुखो, ताप असो नसो, लगेच फोन करायचा आणि ती बॅग फेकायची नाही, तपासायला न्यायची. मी ती अक्षरं अजूनही श्वास रोखूनच वाचते. सवय झाली असं म्हणणाऱ्यांना झाली असेल, मला नाही झाली, आणि होऊ नये असंच वाटतं.

आता रात्री सायकलर लावते. झोपताना जोडायचं, आठ-नऊ तास मशीनच भरतं आणि रिकामं करतं, सकाळी एकदा भरून सोडतं ते दिवसभर पोटात. मला काय मिळालं तर दिवस मिळाला. सकाळी उठते तेव्हा मी कालच्यासारखीच असते, ना गळालेली ना सुजलेली. काम परत सुरू केलंय. खाण्याची बंधनं सैल झालीत, पोटॅशियमचा तो जुना धाक बराच कमी झालाय, उलट पाण्यावाटे रोज थोडं प्रोटीन निघून जातं म्हणून प्रोटीन जास्त खा असं डाएटिशियन मागे लागते. लघवी अजून होते, आणि पीडीवर ती उरलेली ताकद जरा जास्त काळ टिकते म्हणतात, तीही मोठीच गोष्ट आहे.

पण जे गेलं तेही लिहायला पाहिजे. घरात डायलिसिस आणायचं म्हणजे हॉस्पिटलचा एक तुकडा घरात आणायचा, आणि तो जागा मागतो. खोक्यांचंच बघा ना, हाताने बॅगा बदलत होते तेव्हा दिवसाला चार म्हणजे आठ लिटर, महिन्याला २४० लिटर पाणी, तेवढं सगळं कुठेतरी रचून ठेवायचं. पोट फुगलेलं दिसतं. ग्लुकोज अंगात जातं त्याने वजन वाढलं. कपडे बदलले. नवराबायकोतलं जवळ येणं बदलतं, नळी आणि पट्टी मध्ये असते, आणि हे कोणी बोलत नाही पण त्या फॉर्मवर त्याचाही प्रश्न आहे म्हणजे सगळ्यांच्याच घरी असणार. बद्धकोष्ठ झालं तरी पाणी नीट उतरत नाही, असल्या बारीक गोष्टीवर अख्खी रात्र अवलंबून. आणि वर्षं जातात तसा तो पडदाही कमी काम करायला लागू शकतो, मग परत हिमोवर जावं लागतं, किंवा ट्रान्सप्लांट झालं तर झालं. हे कायमचं घर नाही हे माहीत असून राहायचं.

आणि रात्री मशीन वाजतं. मी कुशीवर वळले, नळी दबली, की अलार्म. मी औषधांनी गुंगीत असते, उठतो नवरा. नळी सरळ करतो, बटण दाबतो, परत आडवा होतो, आणि मला माहितीये की त्यानंतर तो जागाच असतो कारण श्वासावरून कळतं. सकाळी सातला तो कामाला जातो. सेंटरवर होते तेव्हा दिवस माझा जायचा, आता रात्र त्याची जाते, आणि माझ्या रिपोर्टमध्ये ते कुठेच येत नाही. ओझ्याच्या प्रश्नावर मी अडले ते यामुळे. प्रश्न मला विचारलाय पण उत्तर त्याच्याकडे आहे.

ओळखीतले एक काका घरी हिमोडायलिसिस करतात, आठवड्यात पाच-सहा वेळा, कमी कमी वेळ. त्यांची तब्येत बघून हेवा वाटावा इतकी सुधारली, बीपीच्या गोळ्या कमी झाल्या, पाण्याचं बंधन सैल. २०१० च्या अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्येही आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस करणाऱ्यांचं हृदय आणि शारीरिक तब्येत दोन्ही जास्त चांगलं निघालं होतं, जरी ते सेंटरवर केलेलं होतं आणि फिस्टुलाच्या (सुया टोचण्यासाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीच्या) दुरुस्त्या जास्त लागल्या होत्या. पण काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, सुई निघाली तर काय, या भीतीने मी त्यांच्या हाताकडे बघतच बसते गं." काकांना विचारलं तर ते म्हणतात एकदम मस्त चाललंय. दोघंही खरंच बोलतायत.

म्हणून मला मनापासून वाटतं की घरी डायलिसिस घ्यायचं का हे ठरवताना पेशंटइतकंच घरातल्या त्या दुसऱ्या माणसाला वेगळं बसवून विचारलं पाहिजे, पेशंट समोर नसताना. तुम्ही रात्री उठणार का, किती दिवस उठू शकाल, तुम्ही आजारी पडलात तर कोण. फ्रान्समध्ये तर नर्स घरी येऊन पीडी करून देते, वयस्कर पेशंटसाठी ही सोय कितीतरी वर्षांपासून आहे, म्हणजे घरी करायचं याचा अर्थ घरच्यांनीच करायचं असं असायलाच पाहिजे असं काही नाही. आणि घेतल्यावरही दर काही महिन्यांनी परत विचारा, कारण पहिल्या महिन्यातला उत्साह पुढे तसाच राहत नाही.

आज जेवल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, खरं सांग, झोप होते का तुझी? तो आधी नेहमीसारखं "काही नाही गं, चालतंय" म्हणाला. मी गप्प राहिले. मग म्हणाला, "उठायचं काही वाटत नाही, पण झोपतानाच कान मशीनकडे असतात." पहिल्यांदा बोलला हे. मग बराच वेळ बोललो. मुलगीही येऊन बसली, तिने तर सरळ सांगितलं की मला अलार्म बंद करायला शिकवा, शनिवारी मी बघेन. तिला शिकवायचं की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही, मला नको वाटतंय, त्याला वाटतंय शिकू दे.

एक गोष्ट मात्र ठरली. डॉक्टर आज म्हणालेच होते की आता नुसत्या आकड्यामागे धावायचं नाही, २०२० पासून पीडीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्येसुद्धा पेशंटला काय हवंय ते विचारून प्रिस्क्रिप्शन ठरवा असंच आहे. लघवी चांगली होत असेल तर डायलिसिसचा कमी डोस चालू शकतो, आठवड्यातली एखादी रात्र सुट्टीची मिळते का तेही बघता येईल. त्यासाठी २४ तासांची लघवी आणि निघालेलं पाणी दोन्ही मोजायला हवं. कॅन आणलाय. उद्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि तिथून परवा सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी त्यात. कामावर उद्या सुट्टी टाकलीये.