तुम्ही विचारलंत म्हणून: मेटॅलिकाचा नवा अल्बम आवडला का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत नवीन आलेली पोरं गिटार शिकतात. जेवणाच्या सुट्टीत हमखास विचारतात, "दादा, ते नवीन '७२ सीझन्स' बरं हाय की नाही? का अजून जुनंच ऐकूलासा?" दरवेळी "बरं हाय रे" म्हणून डबा उघडतो. पण खरं उत्तर तेवढ्यात मावत नाही.

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा हा अल्बम एप्रिल २०२३ मध्ये आला. १२ गाणी, ७७ मिनिटं. १९८६ च्या त्यांच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बममध्ये ८ गाणी होती आणि तासाच्या आत सगळा कारभार आटोपायचा. माझं दुखणं इथंच आहे. कास्टिंग ओतताना मशिनिंगसाठी चार मिलिमीटर जादा माल ठेवतो, तो नंतर लेथवर काढायचा असतो. इथं तो काढायचाच राहून गेलाय. रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, दमदार असतो, दोन वेळा ऐकून मान हलायला लागते, मग तोच पाचव्यांदा येतो आणि मी घड्याळ बघतो. एखादं संथ गाणं किंवा नुसत्या वाद्यांचा तुकडा मध्ये असता तर श्वास घ्यायला जागा मिळाली असती. दोन्हीही नाहीत.

बँडचा गिटारवादक कर्क हॅमेटच्या सोलोंबद्दल, म्हणजे गाण्यात मध्येच एकट्या गिटारनं वाजवलेल्या तुकड्यांबद्दल, माझं नि मित्राचं भांडण मिटत नाही. कर्क स्वतःच सांगतो, बहुतेक सोलो आयत्या वेळी सुचेल तसे वाजवलेत. मित्राला त्यात ताजेपणा दिसतो. मला वाटतं, जुने सोलो आपण तोंडाने गुणगुणायचो. हे गुणगुणून दाखव बघू!

पण गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा उजवा हात! साठीला टेकलेला माणूस, आणि पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) अजून वरून खालीच मारतोय, तोही या वेगाने. माझ्या पोराच्या गिटारवर मी प्रयत्न केला, मिनिटभरात मनगट भरून आलं. यातलं 'लक्स एटर्ना' हे गाणं साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, तिथं हा हात नुसता धावतो. अख्खा अल्बम असा कापलेला असता तर ही तक्रारच नसती.

शब्दांचंही तसंच. ७२ ऋतू म्हणजे पहिली १८ वर्षं, पुढचा माणूस त्यातच घडतो, ही कल्पना मला पटते. जेम्स सोळा वर्षांचा असताना आई कॅन्सरनं गेली, हे ठाऊक असलेल्याला ती जास्तच लागते. तरी बऱ्याच ठिकाणी यमकासाठी यमक जुळवलंय. १९८८ च्या त्यांच्या 'वन' गाण्यामध्ये हातपाय गमावलेला सैनिक डोळ्यांपुढे उभा राहायचा, तसं माणूस दिसणं इथं कमी.

पोरं म्हणतात, तुम्ही त्यांना बेंगळुरात बघितलंय म्हणून सांभाळून बोलता. असेलही. ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स. दोनच दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झालेला. बेळगावहून रात्रीच्या बसनं निघताना घरचे विचारत होते, "नक्की होणार काय वो ते?" झालं. हजारो माणसं एकाच वेळी ओरडत होती, मराठी, कन्नड, कोकणी, कोण कुठला कळत नव्हतं. त्यानंतर या माणसांवर वस्तुनिष्ठ वगैरे बोलणं मला जमत नाही, जमवायचंही नाही.

शेवटचं गाणं 'इनामोराटा' ११ मिनिटांवर जातं. त्यांनी स्वतः रचलेल्यांत सगळ्यांत लांब. लांबीबद्दल एवढं बोलून हेच मला सगळ्यांत आवडावं, ही गंमतच. पण मधे सगळे थांबतात, रॉबर्ट ट्रुहियोचा बास एकटा चालत राहतो, मग हळूहळू बाकीचे येऊन मिळतात. इथं लांबीला कारण आहे.

म्हणून पोरांनो, शेवटच्या गाण्यापासून सुरू करा, मग 'लक्स एटर्ना', मग शीर्षकगीत. उरलेली नऊ एखाद्या रविवारी गोव्याला जाताना चोर्ला घाटात लावा.