आमची वाटचाल: कळमन्याच्या शेडपासून हिंगण्याच्या कारखान्यापर्यंत

2009 साली कळमन्यात सातशे चौरस फुटांच्या भाड्याच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही कूलरच्या बॉडी बनवायला लागलो. मी, धाकटा भाऊ आणि तीन कारागीर. नागपुरात मार्च लागला की घरोघरी कूलर निघतात, ताट्या बदलल्या जातात. त्यामुळे आमचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मे संपता संपता मंदावतं. धंदा वाढला तशी पावसाळ्यात सात-आठ माणसं असायची, फेब्रुवारीत सव्वीस.

मी मात्र स्वतःला सात-आठ माणसांचं वर्कशॉप समजत राहिलो. शॉप अॅक्टचा दाखला होता, जीएसटी होता, उद्योग आधार, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, होती. फॅक्टरी लायसन्स मोठ्या कारखान्यांना लागतं, अशी माझी पक्की समजूत होती.

2018 च्या फेब्रुवारीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, एका पोराच्या दोन बोटांची टोकं गेली. सीझनपुरता घेतलेला, विशीतला पोरगा. प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली आड, मीच काढून ठेवायला सांगितलं होतं, कारण त्याने काम हळू होतं असं मला वाटायचं. दोष माझा होता. दवाखान्याचा खर्च आणि 1923 च्या कामगार भरपाई कायद्याप्रमाणे भरपाई आम्ही दिली. पण दहा माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं, हे मला तेव्हा कळलं. नोंदणी वेळेत झाली असती, तर इलाज, घरी बसलेल्या दिवसांचा भत्ता आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ त्याला हक्काने मिळाला असता. हे माझ्या मनातून अजून जात नाही.

कागदपत्रांसाठी एका सल्लागाराकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, सीझनमध्ये सगळ्यात जास्त पोरं कोणत्या दिवशी असतात?"

सगळी गोष्ट या प्रश्नात आहे. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात सरासरी धरत नव्हते. मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी ठरलेल्या संख्येइतके कामगार असले, की ती जागा कारखाना. मूळ कायद्यात ही संख्या वीज वापरत असाल तर दहा आणि वापरत नसाल तर वीस होती. महाराष्ट्राने ती वीस आणि चाळीस केली होती. ठेकेदाराची माणसंही त्यात मोजतात. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही मोजायची रीत हीच आहे. म्हणजे आम्ही कधीचेच कारखाना झालो होतो.

जुनी शेड कायद्यात बसणारच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे माणशी 14.2 घनमीटर जागा लागायची आणि 4.2 मीटरच्या वरची उंची धरत नसत. त्या हिशोबाने सातशे चौरस फुटांत एकोणीसच माणसं मावत होती. शेवटी हिंगणा एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला. मूळ प्लॉटधारकाने आधी एमआयडीसीकडून पोटभाड्याची परवानगी काढली आहे, याची खात्री करूनच सही केली.

मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे नकाशा दिला. मशीन कुठे, दारं कुठे, संडास-मोरी कुठे, सगळं त्यात दाखवावं लागतं. आमचा नकाशा एकदा परत आला. बाहेर पडायचं दुसरं दार दाखवलेलं नव्हतं. तेव्हा चिडलो होतो, पण आज त्याच दारातून रोज माल निघतो. इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र घेतलं. काम सुरू करण्याच्या पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागायची, तीही दिली. भोगवटादार म्हणून माझं नाव आहे, म्हणजे उद्या काही झालं तर जबाब मला द्यायचा आहे. वीस माणसांमुळे पीएफही लागू झाला होता. तो एकदा लागला की पावसाळ्यात माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही.

पावडर कोटिंग, म्हणजे पत्र्यावरचा भुकटीचा रंग, आम्ही आजही बाहेरून जॉबवर्कवर करून घेतो. त्याआधी पत्रा धुवायला आपल्याकडे अॅसिडची टाकी ठेवायची तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्था, दोन्ही हवं. ती ऐपत येईल तेव्हाच टाकी येईल.

प्रेसला आता गार्ड आहे. बटणंही दोन आहेत, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय डाय, म्हणजे प्रेसचा साचा, खाली येत नाही. आज कामाला आलेल्याचं नाव आजच रजिस्टरमध्ये चढतं, मग तो दोन दिवसांसाठी का आलेला असेना. परवान्यावर कामगारांची कमाल संख्या आणि हॉर्सपॉवर लिहिलेली असते. म्हणून दिवाळी झाली की मी आणि भाऊ बसून फेब्रुवारीतल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाचा अंदाज काढतो. यंदा तो बत्तीस निघाला, परवाना पन्नासचा आहे.