फीची वजाबाकी आणि ‘अमाउंट’: एका रस्ट लायब्ररीची डागडुजी

बिटकॉइन वॉलेट बनवणाऱ्यांना उपयोगी पडणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी मी सांभाळतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली, ‘रस्ट-बिटकॉइन’ या बिटकॉइनसाठीच्या रस्ट लायब्ररीच्या आधारावर उभी. ती माझ्याकडे आली तेव्हा सगळ्या रकमा साध्या ६४ बिटच्या पूर्णांकात होत्या. आकडा सातोशीत आहे की बिटकॉइनमध्ये, हे व्हेरिएबलच्या नावावरून ओळखायचं. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी, तेव्हा गफलत झाली तर तीही तेवढ्याच पटीत.

सगळ्यात जास्त घोर लागला तो फी काढणाऱ्या फंक्शनचा. बिटकॉइनच्या व्यवहारात फी वेगळी लिहिलेली नसते. इनपुटच्या बेरजेतून आउटपुटची बेरीज वजा केली की जे उरतं ते मायनरचं, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये घालणाऱ्याचं. इथे ती वजाबाकी सरळ उणे चिन्हाने केली होती. आउटपुट जास्त झालं तर डीबग बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी बनवलेला प्रोग्राम, पॅनिक होऊन थांबतो. लोकांना द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये मात्र ही तपासणी, आपण मुद्दाम चालू केली नाही तर, बंदच असते. उत्तर उलटं फिरून एक अवाढव्य आकडा हाती येतो. आणि आपण टेस्ट चालवतो डीबगमध्ये, लोक वापरतात रिलीज! ही भीती कल्पनेतली नाही. १५ ऑगस्ट २०१० रोजी खुद्द बिटकॉइनच्या ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये आउटपुटची बेरीज अशीच ओव्हरफ्लो झाली आणि १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉइन हवेतून तयार झाले. एकूण मर्यादा २.१ कोटींची असताना. काही तासांतच दुरुस्ती आली आणि ती साखळी सोडून द्यावी लागली.

म्हणून ठरवलं: सगळीकडे ‘अमाउंट’ हा ‘रस्ट-बिटकॉइन’मधला रकमेसाठीचा टाइप आणायचा, आणि फीसाठी ‘चेक्ड सब’ ही तपासून करायची वजाबाकी वापरायची. ती उत्तर देते किंवा ‘नन’ (म्हणजे उत्तर नाही) देते, तिसरं काही नाही.

सुरुवात टेस्टपासून केली. जुना कोड आज जे करतो ते आधी टेस्टमध्ये बांधून घेतलं, पीएसबीटीसाठी (अर्धवट सह्या झालेल्या व्यवहारांचा फॉरमॅट) बिप १७४ या बिटकॉइनच्या प्रस्तावातले नमुने घेतले आणि सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत, टेस्ट रिलीज मोडमध्येही चालवायला लावल्या. मग एक नियम कडक पाळला: कोड हलवणारा कमिट (नोंदवलेला बदल) वेगळा, वागणूक बदलणारा वेगळा. नुसता हलवलेला कोड गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या ‘कलर-मूव्हड’ पर्यायाने वेगळ्या रंगात दिसतो, त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्याची नजर खऱ्या बदलावर राहते. पैशाच्या कोडमध्ये रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ हीच सर्वांत महाग वस्तू आहे, असं मला मनापासून वाटतं. टाइप बदलल्यावर पुढची वाट कंपायलरनेच दाखवली. एकेक एरर मिटवत जायचं.

खरी गाठ पुढे बसली. ‘अमाउंट’ आमच्या सार्वजनिक एपीआयमध्ये, म्हणजे इतरांचा कोड थेट वापरतो त्या भागात, आला, म्हणजे आमचे वापरकर्ते ‘रस्ट-बिटकॉइन’च्या आमच्याच आवृत्तीला बांधले गेले. त्यांच्याकडे दुसरी आवृत्ती असेल तर कंपायलर म्हणतो, ‘अमाउंट’ हवा होता, मिळाला ‘अमाउंट’. नाव तेच, टाइप वेगळे. पहिल्यांदा पाहणारा चक्रावतोच. रस्ट-बिटकॉइनची मंडळी ‘युनिट्स’, ‘प्रिमिटिव्ह्ज’ असे छोटे क्रेट (रस्टची पॅकेजेस) वेगळे काढत आहेत ते यासाठीच: मूळ टाइप एकदा स्थिर झाले की वरचं बदललं तरी खालचं हलू नये. तोवर आम्ही ‘रस्ट-बिटकॉइन’ क्रेट आमच्याच लायब्ररीतून पुढे उपलब्ध (री-एक्स्पोर्ट) केला आणि वापरकर्त्यांना तिथूनच ‘अमाउंट’ घ्यायला सांगितलं.

जुनी फंक्शन लगेच काढली नाहीत. ‘डेप्रिकेटेड’ (आता वापरू नका) शिक्का मारून, नवीन कोणतं वापरायचं ते त्या इशाऱ्यातच लिहिलं. किमान रस्ट आवृत्ती १.६३ ठेवली, कारण डेबियन १२ या लिनक्स आवृत्तीत तीच मिळते आणि कोड स्वतः बिल्ड करून तपासणाऱ्यांना ती सोयीची पडते.

आता जुनी फंक्शन पुढच्या ०.x आवृत्तीत जातील. कार्गो या रस्टच्या पॅकेज साधनाच्या लेखी तो वापरकर्त्यांचा कोड मोडू शकणारा बदल ठरतो, म्हणून चेंजलॉगमध्ये प्रत्येक फंक्शनचं जुनं आणि नवं रूप शेजारी शेजारी लिहायला घेतलं आहे.