टायर 'उद्या' येतात

गाडी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, सेकंडहँड घेतलेली. टायरचा साइज २२५/४५ आर १७. स्विफ्टवाला कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्ध्या तासात टायर बदलून जातो. मला सव्वीस दिवस लागले.

कुठले टायर घ्यायचे हे खरं तर एका संध्याकाळी ठरलं. पुतण्या स्टुटगार्टला असतो. फोनवर म्हणाला, "काका, विंटर घ्या, नाहीतर निदान ऑल-सीझन. बारीक चिरा असतात, पावसात पकड भारी." त्याचं बरोबर आहे, पण त्याच्या गावाला. तिकडं ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर घालायची रीतच आहे. त्यांचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहावं असं केलेलं असतं. आमच्याकडं कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे रंकाळ्यावर कानटोपी घालून फिरणाऱ्यांनाही सात अंश भेटत नाहीत. एप्रिलात तापलेल्या हायवेवर तर ते रबर खरवसासारखं लुसलुशीत होणार, ब्रेक लांबणार आणि टायर बघता बघता झिजणार. ऑल-सीझन म्हणजे मधला मार्ग. हलक्या बर्फातही चालावं म्हणून उन्हाळ्यातली थोडी पकड सोडून दिलेली. आपल्याला बर्फ फक्त उसाच्या रसात लागतो. म्हणून समर, म्हणजे उन्हाळी टायर. नाव समर असलं तरी पावसाशी त्याचं वाकडं नाही. आपल्या हवेत ओल्या रस्त्यावरही चांगला समर टायर बहुधा लवकर थांबतो. फक्त गोलाकार फिरणाऱ्या रुंद, खोल खाचा बघून घ्या, पाणी तिथूनच बाहेर पडतं. गगनबावड्याला जुलैत गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता दुकान. नाव लिहीत नाही, हायवेच्या कडेला आहे एवढंच.

मालकांनी साइज ऐकून कपाळाला हात लावला. "रेअर साइज हाय साहेब. पण येतंय की, उद्या." दहा हजार ॲडव्हान्स घेतला. दुसऱ्या दिवशी फोन केला, "गाडी पुण्यातनं निघालीय." तिसऱ्या दिवशी, "साताऱ्यात हाय." पुढचे चार दिवस गाडी साताऱ्यातच होती, काय कंदी पेढे खात बसली होती की काय कोण जाणे. दुसऱ्या आठवड्यात कारण बदललं. "इम्पोर्टचा माल हाय साहेब, सरकारनं बंद केलंय सगळं." २०२० च्या जूनमध्ये सरकारनं नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली हे खरं. पण तेव्हापासून दुकानदारांना एक बारमाही कारण मिळालंय. इकडं माझे पुढचे दोन टायर संपलेले. खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, म्हणजे कायद्यानं टायर बाद. पावसात तर त्याच्या बरंच आधी बदलावा. मी ऑफिसला बायकोच्या ॲक्टिव्हावर जात होतो, रेनकोट घालून.

चोविसाव्या दिवशी टायर आले. प्रत्येकावर ठळक अक्षरांत 'मेड इन इंडिया'. मालकांना दाखवलं, तर ते चहा सांगायला गेले.

दुकानातल्या पोरानं पहिला टायर मशीनवर चढवला होता, तेवढ्यात मी थांबवलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून चारही टायर फिरवून बघितले. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायरांवर १३२५, म्हणजे २०२५ चा तेरावा आठवडा. चौथ्यावर ४१२१. साडेतीन वर्षं कुठल्या तरी गोडाऊनमध्ये पडलेला.

"रबर हाय साहेब ते, दूध नव्हं नासायला."

"मग किमतीत साडेतीन वर्षं कमी करा की."

ते काही पटलं नाही त्यांना. अर्धा तास हुज्जत झाली, चहा दोनदा झाला. शेवटी "बदलून देतो, उद्या" यावर मिटलं आणि मी बिनटायरची गाडी जॅकवर सोडून रिक्षानं घरी आलो. दोन दिवसांनी चौथा आला. त्यावर ११२५. चालतंय.

हे आकडे टायर बसवायच्या आधीच बघा. पूर्ण तारीख बहुधा एकाच बाजूला असते. ज्या टायरवर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं तो त्याच बाजूनं बसवावा लागतो, मग तारीख आत गेली तर गाडीखाली पाठीवर झोपून वाचावी लागते.

सांगायचं राहिलं, साइजच्या पुढचं अक्षरही बघा. माझ्याकडं डब्ल्यू, म्हणजे ताशी २७० किलोमीटर. एवढं कोण पळवतंय? पण ते अक्षर टायर किती ताप सोसतो त्याचंही माप आहे, त्यामुळं गाडीच्या पुस्तकात जे असेल त्याच्या खाली उतरू नका. दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागं टाका, गाडी पुढच्या चाकांवर पळणारी असली तरी. दुकानदार पुढं टाकतो म्हणेल, ऐकू नका. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली की सावरत नाही. आणि पहिले दोनशे किलोमीटर सबुरीनं, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो.

परवा मालकांचा मेसेज आला. "साहेब सर्व्हिस कशी वाटली? फाइव्ह स्टार द्या की."

लिहिलं, उद्या देतो.